चेटकीण भट्टीतच जाऊ द्या : एका आईच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मुलांना मोठ्याने वाचून दाखवायच्या लोककथा आणि परीकथांवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही मनापासून आणि स्पष्ट लिहिलंत. सही फक्त ‘एक आई’ अशी केलीत. दोन ओळींत उत्तर देण्यासारखी ती प्रतिक्रिया नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुमच्या पाच वर्षांच्या लेकीला तुम्ही ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ वाचून दाखवली आणि त्या रात्री ती झोपली नाही. घरात आठ वर्षांचा मुलगा आहे, तुम्ही त्याची सावत्र आई आहात, आणि ‘हिमगौरी’ त्याच्यासमोर वाचणं तुम्हाला अशक्य झालं. तुम्ही विचारता : भट्टीत जळणारी चेटकीण, मुलं गिळणारा लांडगा, दुष्ट सावत्र आई, राजपुत्राची वाट बघत बसलेल्या मुली, हे सगळं जसंच्या तसं वाचा असा आग्रह कशासाठी? वाचता वाचता थोडं मऊ केलं तर काय बिघडतं? आणि आपल्या मातीतल्या गोष्टी असताना जर्मन भावांच्या गोष्टी हव्यात कशाला?

सावत्र आईपासून सुरुवात करते, कारण तुमचं दुखणं तिथे सर्वात खोल आहे आणि माझं उत्तरही तिथेच आहे.

याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या जर्मन भावांच्या संग्रहाचा पहिला खंड 1812 साली निघाला. त्यात हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. 1819 च्या दुसऱ्या आवृत्तीत ती सावत्र झाली. ‘मुलांना जंगलात सोडून येऊ’ असं नवऱ्याला सांगणारी हॅन्सेल-ग्रेटेलची आईही आधी सख्खीच होती, 1840 च्या आवृत्तीपासून ती सावत्र झाली. पुस्तक घराघरांत मुलांच्या हाती जाऊ लागलं होतं, आणि जन्मदात्री आई अशी वागलेली दिसू नये म्हणून हे बदल झाले, असं अभ्यासक मानतात. म्हणजे मुलांना सोसावं म्हणून गोष्ट मऊ केली गेली, आणि त्याची किंमत जगातल्या सगळ्या सावत्र आयांनी मोजली. ज्या गोष्टीने तुमचा घसा दाटला, ती मऊ केलेली गोष्ट होती.

म्हणूनच मला ‘थोडं मऊ करू’ याची धास्ती वाटते. मऊ करणारा हात कोणाला वाचवतो आणि कोणाला पुढे ढकलतो, हे त्या क्षणी त्या हातालाही कळत नाही. शिवाय सगळंच मऊ झालं असंही नाही. 1812 मध्ये रॅपन्झेल तिला मनोऱ्यात कोंडून ठेवणाऱ्या परीला भाबडेपणाने विचारते की माझे कपडे का बरं घट्ट व्हायला लागले. ती गरोदर असते. तो उल्लेख पुढे गाळला गेला. पण सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे कबुतरं टोचून काढतात, तो शेवट 1819 मध्ये नव्याने आला. संपादकाला शरीराची लाज वाटली, शिक्षेची वाटली नाही. त्याच्या काळाची ती नैतिकता होती. आज आपण वाचता वाचता जे गाळू, त्यातही आपल्या काळाची भीती आणि सोय असणार.

तुमच्या मुलाला आत्ता ‘हिमगौरी’ वाचू नका. हे मी अगदी निःशंकपणे सांगते. त्या घरात, त्या वयात ती गोष्ट नको. पण नकोच असेल तर अख्खी गोष्ट बाजूला ठेवा, ठिगळ लावू नका. राणी खरं तर वाईट नव्हती, शेवटी तिने माफी मागितली, असं सांगितलंत तर आठ वर्षांच्या मुलाला ती शिवण लगेच दिसेल. मग त्याला प्रश्न पडेल की आईने हेच का बदललं. त्या प्रश्नाने तो जास्त एकटा पडेल.

मीही काही गोष्टी वाचत नाही. ग्रिमच्या संग्रहात काट्यांत नाचवलेल्या ज्यू माणसाची एक गोष्ट आहे, ती द्वेषाने भरलेली आहे. ती मी मुलांसमोर कधीच उघडणार नाही. मुलं खाटीकखाना खेळतात ती गोष्ट तर खुद्द ग्रिम बंधूंनीच पहिल्या आवृत्तीनंतर काढून टाकली. आपल्याकडेही जातीवरून आणि रंगावरून माणसाला हिणवणाऱ्या गोष्टी आहेत. त्या मागे राहिल्या तर मला वाईट वाटणार नाही. निवड करायचा हक्क वाचणाऱ्याला पुरेपूर आहे. निवडलेली गोष्ट मात्र तिच्या शेवटापर्यंत न्यावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता तुमच्या लेकीची ती रात्र. मी वाचनालयात शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. तिथे ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ झाल्यावर भट्टीबद्दल प्रश्न फार क्वचित येतो. प्रश्न येतात ते असे : बाबा त्यांना सोडून का आले? पाखरांनी पावाचे तुकडे खाल्ले हे त्यांना कळलं कधी? मग ते घरी कसे आले? पोटात गोळा येतो तो आईबापांनी सोडून देण्याने. चेटकीण ही भीतीची सोय आहे, कारण तिला ढकलता येतं. ग्रेटेल तिला ढकलते, म्हणून मुलांचा श्वास मोकळा होतो. ती भट्टी काढून टाकली आणि चेटकीण सुधारली असं सांगितलं, तर मूल रात्री अंथरुणात पडल्या पडल्या विचार करतं की ती अजून तिथेच आहे.

तरीही पाच वर्षांच्या मुलीला ही गोष्ट पहिल्यांदा, रात्री, दिवा मालवायच्या आधी वाचायची नसते. ती दिवसा वाचावी. आई शेजारी बसलेली असावी, मधे थांबायला वेळ असावा, आणि संपल्यावर लगेच खेळायला पळता यावं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तीच मागणी आली तर मग रात्री. मागणी आलीच नाही तर वर्षभर ठेवून द्या. आणि एक करा : भीतीच्या जागी कधीही पुस्तक मिटू नका. ‘उरलेलं उद्या’ हे चिऊकाऊच्या गोष्टीत चालतं, चेटकिणीच्या घरात चालत नाही. मुलं घरी पोचेपर्यंत वाचा.

आपल्या जुन्या कहाण्या सांगणाऱ्या बायकांना हे फार चांगलं ठाऊक होतं. ‘आटपाट नगर होतं’ म्हटलं की कळतं, हे आपलं गाव नाही, आपली गल्ली नाही. आणि ‘ही साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हटलं की दार बंद झालं, त्यातलं काही बाहेर येणार नाही. या दोन वाक्यांच्या मधे वाटेल तेवढं संकट येऊ शकतं. परदेशी गोष्ट वाचतानाही मी ही दोन वाक्यं वापरते. मुलं शेवटचं वाक्य माझ्याबरोबर म्हणतात.

लोककथेतली क्रूरता आणि पडद्यावरची क्रूरता यांत तुम्ही फरक केला नाहीत, तो करायला हवा. ‘सात डोमकावळे’ या गोष्टीत भावांना सोडवायला निघालेली मुलगी काचेच्या डोंगराशी येते, किल्ली हरवलेली असते, म्हणून ती आपलं बोट कापून त्याने कुलूप उघडते. एवढंच लिहिलंय. रक्त नाही, किंकाळी नाही, जखमेचं वर्णन नाही. ऐकणारं मूल त्याला पेलेल तेवढंच चित्र मनात काढतं. पडदा तयार चित्र समोर धरतो, त्यात मुलाला काही ठरवता येत नाही. म्हणून वाचताना फार नाटकी आवाज काढू नये असं मला वाटतं. लांडग्याचा आवाज थोडा जाड, पुरे. अंगावर धावून जायचं नाही. सपाट, सावकाश, डोळ्यांत बघत वाचावं.

मुली राजपुत्राची वाट बघत बसतात, हा आक्षेप पाच-सहा गोष्टींना लागू आहे, आणि सिनेमांमुळे त्याच सगळ्यांना माहीत आहेत. ग्रिमच्या शेवटच्या, 1857 च्या आवृत्तीत दोनशेहून जास्त गोष्टी आहेत. त्यातली ‘शेतकऱ्याची चतुर मुलगी’ शोधा. राजा तिला म्हणतो, उघडी येऊ नकोस आणि कपडे घालूनही नको, घोड्यावर नको, गाडीत नको, रस्त्यावरून नको आणि रस्ता सोडूनही नको. ती अंगाला मासे धरायचं जाळं गुंडाळते, ते गाढवाच्या शेपटीला बांधते आणि गाढव तिला चाकोरीतून ओढत नेतं, अशी की तिचा फक्त अंगठा जमिनीला टेकतो. पुढे राजा रागावून तिला माहेरी धाडतो आणि सांगतो, तुला सर्वात प्रिय असेल ती एक वस्तू घेऊन जा. ती राजालाच झोपेचं औषध पाजून उचलून नेते. ही गोष्ट ऐकताना मुली काय हसतात म्हणून सांगू! आणि मुलगेही.

आता आपली माती. हा मुद्दा वाचून मला वाईट वाटलं, कारण गोष्टींना अशा वेशी नसतात. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ पेक्षा मराठी गोष्ट कोणती? लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठमुठ्ठ होईन, मग मला खा, म्हणणारी आपली म्हातारी. तीच म्हातारी बंगालमध्ये नातीकडे जाते आणि दुध्याच्या खोळीत बसून परत येते. उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी 1910 मध्ये ‘टुनटुनिर बोई’ या पुस्तकात ती गोष्ट लिहून ठेवली. इराणमध्ये ती लेकीकडेच जाते, वाटेत लांडगा, बिबट्या आणि सिंह भेटतात, आणि परतताना भोपळा तिथेही गडगडत येतो. लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट ग्रिमच्या आधी, 1697 मध्ये, फ्रान्समध्ये शार्ल पेरोने छापली होती, आणि तिथे लांडगा तिला खातो आणि गोष्ट संपते. पोट फाडून तिला बाहेर काढणारा शिकारी ग्रिमच्या पुस्तकात भेटतो.

उलट दिशेनेही पाहा. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रेअर हिने 1868 मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ नावाचा संग्रह काढला. त्यातल्या गोष्टी तिला दक्षिण महाराष्ट्राकडच्या प्रवासात सांगितल्या त्या तिच्या आयाने, ॲना लिबेराटा डिसूझा हिने. ॲनाला त्या आजीकडून आलेल्या. आपल्या मुलखात बोललेल्या गोष्टी लंडनच्या मुलांनी इंग्रजीत वाचल्या आणि त्यांच्या झाल्या.

सावत्रपणाही फक्त जर्मन नाही. श्रावणी सोमवारची शिवामुठीची कहाणी आठवा : राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला जेवायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचं बेडं. चुलीच्या राखेत झोपणाऱ्या सिंड्रेलाहून हिचं दुःख वेगळं कुठे आहे? घरात कोणाच्या ताटात काय पडतं, यावर लोककथा जगभर बोलत आली आहे. आणि हा विषय तुमच्या मुलाशी बोलायचा असेल, तर कदाचित ही कहाणी ‘हिमगौरी’पेक्षा जवळची ठरेल. इथे नावडती ही सून आहे. तिची बाजू घेताना त्याला तुमच्या विरोधात उभं राहावं लागणार नाही.

सहा वर्षांच्या आत कल्पित गोष्टी नकोत, असं माँटेसरीबाईंचं मत होतं, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. पण त्यांचीच पद्धत मानणाऱ्या गिजुभाई बधेकांनी भावनगरला 1920 मध्ये बालमंदिर काढलं तेव्हा गोष्टीला तिथे मानाची जागा दिली, आणि गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर गुजरातीत पुस्तकही लिहिलं. तिथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे बोर्डी आणि कोसबाडला आल्या. म्हणजे आपल्याकडच्या बालशिक्षणाची वाट गोष्टींमधूनच आलेली आहे.

ग्रिम बंधूंना गोष्टी सांगणाऱ्यांत डोरोथेआ फीमन नावाची शिंप्याची बायको होती, कासेलच्या बाजारात भाजी विकायला यायची. विल्हेल्मने तिच्याबद्दल लिहून ठेवलंय की ती पुन्हा सांगताना काही बदलत नसे, आणि चुकलं तर तिथल्या तिथे स्वतःच दुरुस्त करी. तुमच्या लेकीला भोपळ्याची गोष्ट सांगताना वाघाच्या आधी लांडगा आणून बघा. तीही तुम्हाला तिथल्या तिथे दुरुस्त करेल. मुलांना तीच गोष्ट तशीच हवी असते, कारण पुढे काय येणार हे माहीत असलं की भीती त्यांच्या हातात राहते.

तिच्यासाठी सध्या मी भोपळ्याची गोष्ट, उंदराच्या टोपीची गोष्ट, ‘ब्रेमेनचे वादक’ आणि मग ‘लांडगा आणि सात करडं’ या क्रमाने जाईन. करडांच्या गोष्टीतही गिळणं आहे, पण सातवं करडू घड्याळाच्या पेटीत लपून वाचतं आणि आई परत येते. ती आईच पोट कापून सगळ्यांना बाहेर काढते. पाच वर्षांच्या मुलीला आधी ही आई भेटू दे.

शेवटी तुम्ही विचारलंत की बाजारातलं कोणतं पुस्तक घ्यावं. दुकानात उभ्या उभ्या दोन पानं उघडा. बेडूक राजपुत्राच्या गोष्टीत राजकन्या बेडकाचा मुका घेत असेल तर ते ग्रिम नव्हे. तिथे ती त्याला रागाने भिंतीवर आपटते, आणि तेव्हा तो माणूस होतो. मग ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’चा शेवट काढा आणि चेटकिणीला भट्टीत कोण ढकलतं ते बघा. तिथे ग्रेटेल असली तर पुस्तक घ्या. ती आपोआप पडली असेल, किंवा वडील वेळेवर येऊन मुलांना सोडवत असतील, तर परत ठेवा.