कुशिंगचा डॉक्टर नकली नाही

‘डॉक्टर हू’ या, काळातून फिरणाऱ्या परग्रहवासी डॉक्टरच्या ब्रिटिश मालिकेचे चाहते जमले की एक वाक्य हमखास कानावर येतं: १९६५चा ‘डॉक्टर हू अँड द डालेक्स’ हा सिनेमा मोजायचाच नाही. (डालेक म्हणजे मालिकेतले यंत्राच्या कवचात राहणारे दुष्ट परग्रहवासी.) कारणंही ठरलेली. त्यातला डॉक्टर साधा माणूस, म्हणजे नकली. सिनेमा म्हणजे मालिकेची भडक नक्कल. शिवाय तो पडला होता. माझा या सिनेमावर जीव आहे, त्यामुळे हे ऐकून गप्प बसवत नाही.

पडल्याची गोष्ट आधी निकालात काढू. सिनेमा ब्रिटनमध्ये चांगला चालला, म्हणून तर पुढच्याच वर्षी दुसरा आला. थंडा पडला तो हा दुसरा, आणि त्यामुळे तिसरा निघालाच नाही.

आता नकलीपणा. पीटर कुशिंगने रंगवलेला डॉ. हू हा घरामागे कालयंत्र बांधणारा प्रेमळ, विसराळू आजोबा आहे. मालिकेतला डॉक्टर पृथ्वीवरचा नाही हे १९६३च्या पहिल्याच भागात सांगितलं होतं. तेव्हा बदल केला हे खरंच, ते मी नाकारत नाही. पण त्याला नकली ठरवताना लोक जे पुरावे देतात ते पाहा. डॉक्टरच्या जमातीचं ‘टाइम लॉर्ड’ हे नाव मालिकेत आलं १९६९ला, त्याची दोन हृदयं १९७०ला, गॅलिफ्रे हे त्याच्या ग्रहाचं नाव १९७३ला. १९६५च्या सिनेमाने ते आणायचं कुठून? ‘डॉ. हू’ हे नाव चुकीचं, असंही म्हणतात. त्या काळी मालिकेच्या श्रेयनामावलीत पहिला डॉक्टर रंगवणाऱ्या विल्यम हार्टनेलच्या भूमिकेपुढे ‘डॉ. हू’ असंच लिहिलेलं असायचं.

राहिली नक्कल. कथा मालिकेचा लेखक टेरी नेशन याच्या सात भागांच्या मालिकाकथेवरूनच घेतली आहे, ते कुणी लपवलेलं नाही. पण सिनेमाचं पहिलंच दृश्य आठवा. डॉक्टरची छोटी नात सूझन विज्ञानाचं जाडजूड पुस्तक वाचतेय, शेजारी दुसरी नात बार्बरा, तिच्या हातातही तसंच काहीतरी, कॅमेरा सरकत आजोबांपाशी पोचतो आणि आजोबा ‘ईगल’ या मुलांच्या कॉमिकमध्ये गढलेले! हा सिनेमा कुणासाठी आहे ते एका शब्दाशिवाय कळतं. मालिकेतली सूझन शाळकरी तरुणी होती. इथे रॉबर्टा टोवीची सूझन अगदी लहान आहे. किरणोत्सर्गाने सगळे आजारी पडलेले, औषध कालयंत्राबाहेर राहिलेलं, ते आणायला ही चिमुरडी रात्री एकटी त्या भयाण जंगलात शिरते. प्रसंग तोच, पण वय बदललं आणि भीतीचं वजनच बदललं. थिएटरात बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाला आता पडद्यावर आपल्याच वयाचं कुणीतरी धावताना दिसत होतं.

भडक रंगांबद्दल तर मला वादच घालावासा वाटत नाही. त्या वेळी ब्रिटनमध्ये रंगीत टीव्ही नव्हताच, तो १९६७ला आला. मालिकेत डालेक रंगीत दिसायला १९७२ उजाडलं. घरच्या छोट्या पडद्यावर करडे दिसणारे डालेक इथे रुंद पडद्यावर लाल, निळे, काळे होऊन समोर आले. त्यांच्या बंदुकीतून आग नाही, पांढऱ्या वायूचा फवारा निघतो, यावरही हसतात. ज्वाळा धोक्याच्या आणि मुलांना फार भीतीदायक ठरतील म्हणून विचार करून घेतलेला तो निर्णय होता. मला तो फवारा आजही थंडगार, ओंगळ वाटतो.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. रॉय कॅसलने रंगवलेला बार्बराचा मित्र इयान अति धांदरट केलाय, आणि डालेकांच्याच ग्रहावरच्या शांतताप्रिय थाल लोकांनी शस्त्र उचलावं की नाही हा मालिकेतला अवघड वाद इथे घाईघाईत उरकलाय. त्याबद्दल सिनेमाला जरूर बोला. पण ‘मोजायचाच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एक बातमी आहे. मालिकेचा माजी मुख्य लेखक स्टीव्हन मॉफट याने २०१८च्या आपल्या कादंबरीत हे सिनेमे डॉक्टरच्याच जगात अस्तित्वात असल्याचं दाखवलंय, आणि तिथला डॉक्टर त्यांचा चाहता आहे.