फ्लॅकची एमपी३ केली म्हणून गाणं मरत नाही

आमच्या नागपुरातल्या गाणं ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले दोन महिने एक संदेश फिरतो आहे. देशपांडे सभागृहातली मैफल न चुकवणारी जाणती मंडळीही तो पुढे पाठवतात, म्हणून सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं. फ्लॅक म्हणजे आवाज जसाच्या तसा जपणारी फाइल, एमपी३ म्हणजे काही भाग टाकून लहान केलेली. संदेशाचा सारांश असा: फ्लॅकची एमपी३ केली की ८० टक्के संगीत नष्ट होतं. ३२० पेक्षा कमी बिटरेट (सेकंदाला खर्च होणारे किलोबिट) म्हणजे कचरा. दर कॉपीला दर्जा घसरतो. ब्लूटूथवरसुद्धा फ्लॅकच वाजवा. आणि जुनी एमपी३ असतील तर ती फ्लॅकमध्ये बदलून घ्या, आवाज सुधारतो.

८० टक्क्यांपासून सुरुवात करू, कारण बाकीची भीती तिथूनच येते. सीडीवर दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं, म्हणजे नमुने, असतात, प्रत्येक १६ बिटांचा आणि डावा-उजवा मिळून दोन चॅनेल. म्हणजे सेकंदाला १,४११ किलोबिट. तासाभराच्या रागाचे साधारण ६३५ एमबी होतात. फ्लॅकमध्ये त्याचे बहुधा साडेतीनशेच्या आसपास होतात आणि चांगल्या एमपी३ मध्ये ८५. संदेश लिहिणाऱ्याने साडेतीनशे आणि ८५ शेजारी ठेवले आणि उरलेलं ‘संगीत गेलं’ म्हणून टाकलं. मग फ्लॅकनेही ६३५ चे ३५० केलेच की. तिथे संगीत गेलं का? काहीच गेलं नाही. फ्लॅक आधीच्या नमुन्यांवरून पुढच्याचा अंदाज बांधतं आणि अंदाज जेवढा चुकला तेवढंच लिहून ठेवतं. उलगडताना प्रत्येक बिट जसाच्या तसा परत मिळतो. एमबी हे संगीताचं माप नव्हेच.

एमपी३ मात्र खरंच काही टाकते. काय टाकते ते समजायला मे महिन्यातलं नागपूरचं कुठलंही घर पुरे. दुपारी कूलर चालू असला की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. घड्याळ बंद पडलेलं नसतं, आपले कान ते घेत नाहीत. लाइट गेली, कूलर थांबला की तीच टिकटिक एकदम समोर येते. मोठा आवाज जवळच्या पट्टीतल्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. एन्कोडर, म्हणजे एमपी३ तयार करणारा प्रोग्राम, क्षणाक्षणाला हेच मोजतो: या घडीला काय झाकलं गेलं आहे? जे झाकलेलं आहे ते तो ढोबळ लिहितो किंवा सोडून देतो. हिशेब नीट असेल आणि बिट पुरेसे असतील, तर गेलेलं ते कूलरमागच्या टिकटिकीसारखं असतं.

‘मला तर फरक कळतो’ असं सांगणाऱ्यांवर माझा राग नाही. मीही तसंच म्हणायचो. मग फूबार२००० या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्राममध्ये एबीएक्स ही न बघता तुलना करायची चाचणी लावली. दोन्ही फाइली समान पातळीवर आणल्या, कारण किंचित मोठा वाजणारा आवाज कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो आणि घरगुती तुलना तिथेच फसते. चाचणीत कुठली फाइल वाजते आहे ते दिसत नाही, फक्त ओळखायचं. १६ वेळा विचारलं जातं. निव्वळ अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी, म्हणून तिथवर पोचलात तर फरक ऐकू येतो असं मानायला हरकत नाही. मी विलंबित ख्यालाचा तंबोऱ्यासकट एक तुकडा घेतला, रात्री, खोलीतलं सगळं बंद करून. लेम या एन्कोडरने व्ही२ या दर्जाला केलेली एमपी३ विरुद्ध फ्लॅक: १६ पैकी ९ बरोबर. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढंच आलं असतं. तोच तुकडा ९६ किलोबिटला केला तर १५ बरोबर. तिथे तंबोऱ्याची झळाळी सरळसरळ मंदावली होती.

म्हणजे सीमा आहे. ती ३२० वर नाही, एवढंच. सरसकट ३२० म्हणजे शांत आलापालाही तेवढेच बिट आणि भरगच्च भजनालाही तेवढेच. लेमचा व्ही२ किंवा व्ही० गरज पाहून देतो, सरासरी अनुक्रमे १९० आणि २४५ किलोबिटांच्या आसपास. जिथे गुंतागुंत तिथे जास्त, जिथे एकटा षड्ज तिथे कमी. तासाचे ३२० ने १४४ एमबी होतात, व्ही२ ने सुमारे ८५. ६४ जीबीच्या कार्डावर हा फरक शेकडो तासांचा आहे. फोन किंवा प्लेअर ओपस (एमपी३ सारखंच आवाज आवळणारं दुसरं स्वरूप) वाजवत असेल तर आणखी बरं. ते २०१२ चं आहे, एमपी३ पेक्षा बरंच नंतरचं, आणि १२८ किलोबिटलाही छान निभावतं. पण जुन्या खिशातल्या प्लेअरला बहुधा एमपी३ च कळते.

एमपी३ चा खरा कच्चा दुवा संदेशात आलेलाच नाही. तो आहे टाळ आणि तबल्याच्या चाटीवरचा ‘ना’. एमपी३ आवाजाचे तुकडे पाडून हिशेब करते. लांब तुकडा ५७६ नमुन्यांचा, आखूड १९२ चा. शांततेत एकदम टाळ वाजला आणि तो लांब तुकड्यात सापडला, तर हिशेबातली चूक तुकडाभर पसरते आणि आघाताच्या आधीच एक बारीक ‘फुस’ ऐकू येते. टाळ वाजायच्या आधी टाळाची सावली. चांगला एन्कोडर आघात ओळखून आखूड तुकड्यावर जातो. जुन्या एन्कोडरांची १२८ ची भजनं ऐका, टाळाच्या कडा झिजलेल्या कळतील. तक्रार करायची तर इथे करावी. त्याचं औषध मात्र नवा लेम आणि व्ही२ किंवा त्याहून चांगला दर्जा. खिशात फ्लॅक बाळगणं हे त्याचं औषध नव्हे.

मैफलीच्या ध्वनिमुद्रणात आणखी एक काळजी घ्या. विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात, मध्ये तबला चालूच असतो. एमपी३ फाइलीच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता आपोआप जोडली जाते. ती किती हे लेम फाइलीत लिहून ठेवतो, पण स्वस्त प्लेअर ते वाचत नाहीत आणि समेच्या तोंडावर आवाज क्षणभर तुटतो. असा प्लेअर असेल तर पूर्ण रागाची एकच फाइल करा.

दर कॉपीला दर्जा घसरतो, ही समजूत कॅसेटच्या काळातली आहे आणि तेव्हा ती खरी होती. टेपवरून टेपवर घेतलं की दर वेळी सूं-सूं वाढायची. फाइलीची कॉपी म्हणजे तेच आकडे पुन्हा लिहिणं, शंभराव्या कॉपीतही तेच असतात. फ्लॅक तर मूळ आवाजाची एमडी५ खूणही फाइलीत ठेवतं, त्यामुळे बिट बिघडलाच तर तपासणीत सापडतो.

ब्लूटूथबद्दल फार लिहायला नको. प्रत्येक ब्लूटूथ इअरफोनला एसबीसी ही आवाज आवळायची पद्धत (कोडेक) यावीच लागते आणि ती स्वतःच आवाज पुन्हा आवळते. बाकीचे नेहमीचे ब्लूटूथ कोडेकही सीडीचा आवाज जसाच्या तसा पोचवत नाहीत. मेट्रोत कानात बिनवायरीचे इअरफोन घालून खिशात फ्लॅक ठेवल्याने फक्त कार्ड लवकर भरतं.

शेवटचा सल्ला सगळ्यांत जास्त नुकसान करणारा आहे. बर्डीतल्या एका दुकानातून बाबांसाठी मी ६४ जीबीचं कार्ड भरून घेतलं होतं. ‘सगळं ३२०, काही तर फ्लॅक’ असं सांगून दिलं. घरी आल्यावर स्पेकमध्ये फाइली उघडल्या. स्पेक आवाजाचं चित्र दाखवतं, खाली खर्ज, वर झिळमिळ. एकापाठोपाठ एक फाइलीत १६ हजार हर्ट्झला सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ आणि वर काळोख. जुन्या ध्वनिमुद्रणातही वरचा भाग नसतो, पण तिथे तो हळूहळू विरत जातो, असा कापलेला दिसत नाही. १२८ ची एमपी३ घेऊन ती ३२० आणि फ्लॅकमध्ये ओतली होती. पाव लिटर दुधाच्या पातेल्यात पाणी घालून लिटर केलं तरी दूध पावच राहतं. एन्कोडरने टाकलेलं फ्लॅक कुठून आणणार? फाइल कितीतरी पट फुगते आणि वर फ्लॅक हे नाव लागल्यामुळे पुढचा माणूस ती मूळ म्हणून जपून ठेवतो. आपल्या संग्रहांत अशी खोटी मुळं शिरणं मला ८५ एमबीच्या एमपी३ पेक्षा कितीतरी जास्त भयंकर वाटतं.

संदेशामागची कळकळ मला कळते. मूळ फ्लॅक हवंच. ते घरच्या दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातून खिशासाठी हव्या तेवढ्या नकला काढा. उद्या नवा प्लेअर आला की नक्कल पुसा आणि मुळातून नवी काढा, नकलेवरून नक्कल काढू नका. माझ्या मामेभावाने उलटं केलं. डिस्क भरली म्हणून सगळ्याची १२८ एमपी३ केली, फ्लॅक पुसून टाकलं, सीड्या रद्दीत दिल्या. दोन वर्षांनी नव्या फोनसाठी त्याच एमपी३ ची एएसी (तसंच काही टाकून आवळणारं दुसरं स्वरूप) केली. मला एक भजन ऐकवत म्हणाला, ‘दादा, हा टाळ असा पाण्यातून वाजल्यासारखा काऊन वाजून राहिला?’ एन्कोडरने एकदा टाकलं, दुसऱ्याने उरलेल्यातून पुन्हा टाकलं, आणि मूळ कुठेच नव्हतं. आता आम्ही दोघं त्याच सीड्या ओळखीपाळखीच्यांच्या कपाटांत शोधतो आहोत. धरमपेठेतून सात मिळाल्या, महालातून चार. ते भजन अजून मिळालेलं नाही.