अळी स्वस्तात वळवळवण्याची रीत

नुकताच सांगलीत एका स्थानिक भयपटाचा पहिला खेळ पाहण्याचा योग आला. माणसाच्या पोटात शिरून त्याचा ताबा घेणारी अळी हा त्याचा विषय. खेळाआधी दिग्दर्शक महोदयांनी ‘बजेट नसतानाही’ हे शब्द मारुतीच्या नावासारखे जपले, आणि खेळ संपल्यावर दारात उभे राहून प्रत्येकाला मोबाइलवर पाच तारे देण्याची विनंती केली. आपणही असाच चित्रपट काढण्याच्या विचारात असाल (द्राक्षांना यंदा भाव मिळाला तर कोण काय काढील, याचा या जिल्ह्यात नेम नाही), तर पुढील सूचना कामी येतील.

सर्वप्रथम, संहितेवर वेळ दवडू नये. त्यापेक्षा ड्रोन भाड्याने आणावा. आयर्विन पूल, कृष्णेचा घाट आणि उसाचे फड वरून दाखवले की अर्धा तास सहज निघतो. कथा एका माणसाच्या आतड्यात घडत आहे आणि आतडे आभाळातून दिसत नाही, हा आक्षेप मत्सरी लोकांचा समजून सोडून द्यावा.

कोणत्याही पात्राला अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी आठवणार नाही, याची दक्षता घ्यावी.

रक्तासाठी काकवीत खायचा लाल रंग कालवावा आणि चित्रीकरणासाठी एखाद्या परिचिताची बेदाणा शेड (जाळीच्या थरांवर द्राक्षे वाळवण्याची) मागून घ्यावी. ती परत देताना धुण्याच्या भानगडीत पडू नये. काकवी जाळीच्या प्रत्येक भोकात वाळून काचेसारखी कडक होते, खराट्याने निघत नाही, गरम पाण्याने वितळून खालच्या थरावर उतरते आणि तिच्या वासाने मुंग्यांची रांग थेट बांधापर्यंत लागते. हे सारे शेडमालकाला निवांतपणे अनुभवू द्यावे. शेड माझी होती, हे ओघानेच सांगतो.

अळी कोठून आली, हा प्रश्न मात्र अवघड आहे. त्याचे मान्यताप्राप्त उत्तर म्हणजे उल्का. सांगलीत पाहिलेल्या त्या चित्रपटातही ती पडली, तासगावच्या बाजूला, भर द्राक्षबागेत, आणि एकही घड न गळता. मग लॅपटॉपसमोर बसलेल्या शास्त्रज्ञाने सात मिनिटे परोपजीवी म्हणजे काय ते समजावले. कोणाला समजावले? समोर बसलेले निम्मे लोक ऊस लावणारे होते. खोडकिड्यासाठी उसाच्या पानांना ट्रायकोकार्ड टाचणारा माणूस असे भयपट विकत आणून शेतात सोडत असतो. त्या कार्डातून बाहेर पडणारी इवलीशी गांधीलमाशी किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते आणि तिची अळी ते अंडे आतून खाऊन टाकते. अशा प्रेक्षकाला शास्त्रज्ञाची गरज नव्हती, शास्त्रज्ञालाच त्याची होती. आणि उल्का तरी कशासाठी? माणसाच्या अंगात वाढणारा नारूचा किडा काय परग्रहावरून आला होता? ज्या पाण्यात नारूची पिल्ले पोटात घेतलेल्या सूक्ष्म पाणपिसवा आहेत ते माणूस पितो. सुमारे वर्षभर त्याला काही कळत नाही, आणि मग एके दिवशी पायावर फोड येतो. फोडाची आग इतकी होते की तो आपण होऊन पाण्यात पाय बुडवतो, आणि नेमक्या त्याच वेळी मादी हजारो पिल्ले पाण्यात सोडते. म्हणजे किड्याला जिथे जायचे आहे तिथे माणूस स्वतःच्या पायाने चालत जातो आणि गावाच्या पिण्याच्या पाण्यात मरण कालवून ‘हुश्श’ करतो! मीटरभर लांबीचा तो किडा काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत बाहेर काढावा लागे, आणि मध्येच तुटला तर हाल कुत्रा खात नसे. महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी हे भोगले आहे. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ सालचा, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. पायऱ्यांची विहीर, दुष्काळ, आणि पाण्याकडे निघालेला एक माणूस, एवढ्यावर चित्रपट उभा राहतो. त्यासाठी आकाशाला भोक पाडण्याचे कारण नव्हते.

असो. सूचनांकडे वळतो.

आवाजावर खर्च करू नये, जनरेटरची घरघर हेच पार्श्वसंगीत समजावे. भिजवलेल्या कणकेत बोटे खुपसून ती माइकजवळ हळूहळू काढली तर अळी न दाखवताही अंगावर काटा येतो, परंतु हे कोणाला सांगू नये.

अळी मात्र लवकर दाखवावी, पूर्ण दाखवावी आणि भरपूर उजेडात दाखवावी. विल्यम कॅसल या अमेरिकन दिग्दर्शकाने १९५९ मध्ये ‘द टिंगलर’ काढला, तेव्हा त्यातील कण्याला चिकटणारा प्राणी रबरी आहे हे लपण्यासारखे नव्हतेच. त्याने काही चित्रपटगृहांत खुर्च्यांखाली थरथरणाऱ्या मोटारी बसवल्या आणि प्रेक्षकांकडूनच किंकाळ्या वसूल केल्या. आपल्याकडील सभागृहांत खुर्च्या मोटारीवाचून हलतात, तेवढा खर्च वाचला.

कॅनडाचे दिग्दर्शक डेव्हिड क्रोनेनबर्ग यांचा १९७५ सालचा ‘शिव्हर्स’ पाहू नये. तो सुमारे १,७९,००० कॅनेडियन डॉलरांत झाला, म्हणजे चित्रपटांच्या हिशेबात चहापाण्यात. सरकारी पैसा अशा किळसवाण्या प्रकारावर घातला म्हणून तिकडे बोंब झाली, ती वेगळी गोष्ट. एक इमारत, काही बिऱ्हाडे, आणि आपल्या पोटातल्या किड्यांशी लाडाने बोलणारा एक नवरा. त्याच्या शेजारी वावरणाऱ्या बायकोला नवरा बिघडला आहे एवढेच कळते, कशाने ते कळत नाही. अळी उघड्यावर आली की तिथेही मला हसू येते, आणि बरेचसे कलावंत पाठ केल्यासारखे बोलतात. या प्रकाराची धाव तेवढीच आहे. रबर शेवटी रबरच दिसते, आणि पळापळ सुरू झाली की सगळे चित्रपट सारखे होतात. पण तोवर जी धडधड होते ती फुकट असते, कारण राक्षस माणसाच्या आत बसलेला असतो आणि माणूस आपल्या ओळखीचा असतो.

आता सूचना पुरे, दिग्दर्शक महोदय, तुमच्याशी सरळच बोलतो. पैसे नव्हते हे रडगाणे बंद करा. १८४३ मध्ये मराठी नाटक सुरू करणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या राक्षसांकडे ड्रोन नव्हता की उल्का नव्हती, आणि तरी याच सांगलीत माणसे ती आरडाओरड ऐकायला रात्र रात्र बसत. तुमच्या चित्रपटात एक जागा खरी होती. अळी शिरलेला मुलगा जेवायला बसतो, कालवणाकडे बघत नाही, मिठाच्या वाटीत बोट बुडवून चाटत राहतो, आणि भाकरी वाढणाऱ्या आईचा हात ताटावर तसाच थांबतो. सभागृहात त्या वेळी कोणी भडंगाचा पुडासुद्धा वाजवला नाही. आणि तुम्ही काय केले? लगेच उल्केचा खड्डा दाखवलात! मुलगा आधी कसा जेवत होता हे एकदाही दाखवले नाहीत, मग तो बदलला हे आम्हाला कशावरून कळावे? साधा माणूस साधेपणाने कसा जगतो हे दाखवायला ड्रोन लागत नाही, उल्का लागत नाही, माझी शेडही लागत नाही. बसून, बघून, लिहावे लागते, आणि नेमका त्याचाच तुम्हाला कंटाळा आहे. आईचे काम करणाऱ्या त्या बाईंना ताटापुढचे आणखी दोन प्रसंग द्यायला किती पैसे लागले असते, तेवढे सांगा, आणि मग तारे मागा.