दाब उतरला की मासे तुटून पडतात, हे कोणी सांगितले?

पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा दर पंधरवड्याला दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी येतो आणि पहाटेच गरी घेऊन कातळावर जाऊन बसतो. गेल्या आठवड्यात त्याने मला व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक लांबलचक संदेश पाठवला आणि खाली विचारले, "मामा, अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा सांगितलाय, म्हणजे शनिवारी मासे तुटून पडणार ना?" रात्री ताईचा फोन आला. मुलगा वादळाच्या बातमीने घरात थांबण्याऐवजी त्याच बातमीने निघण्याची तयारी करतो आहे, हे तिला समजेनासे झाले होते. मलाही राहवेना, म्हणून हे लिहितो आहे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे: हवेचा दाब उतरू लागला की मासे अधाशासारखे खातात, म्हणून वादळाआधीचे काही तास सर्वांत चांगले, चंद्र समुद्र ओढतो तसाच माशाच्या अंगातले पाणीही ओढतो, म्हणून धरण असो वा समुद्र, चंद्र माथ्यावर असताना मासा गरीला लागतोच, भारतभर चालेल असे तिथीवार वेळापत्रक सोबत जोडलेले आहे, पौर्णिमेला जाळे टाकणे व्यर्थ, आणि पहिल्या पावसात ओढ्याला जाणे कधीही चुकवू नये. हे सारे एका 'अमेरिकन शास्त्रज्ञा'ने सिद्ध केल्याचेही त्यात म्हटले आहे.

पहिला मुद्दा जीवावर बेतणारा आहे, म्हणून आधी तोच घेतो. दहा मीटर खोल पाण्याचा दाब हा साधारण आपल्यावरच्या साऱ्या हवेच्या दाबाइतका, म्हणजे सुमारे १००० हेक्टोपास्कल (हवामान खाते दाब मोजते ते एकक) असतो. याचाच अर्थ एक सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळजवळ एक हेक्टोपास्कल. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा त्याच्या केंद्रातला दाब सुमारे ९८४ हेक्टोपास्कल होता, म्हणजे त्या दिवसांतल्या नेहमीच्या दाबापेक्षा वीस-पंचवीसने कमी. ज्या वादळाने श्रीवर्धनपासून आमच्या दापोलीपर्यंत नारळी-पोफळी उभ्याच्या उभ्या झोपवल्या, त्याचा माशाच्या अंगावरच्या दाबावर झालेला परिणाम मासा वीतभर वर येण्याइतकाच होता. मासा भक्ष्यामागे एक वळण घेतो तेव्हा याहून जास्त फरक सोसतो. मुंबईला उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या भरतीच्या, दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहून अधिक अंतर पडते, म्हणजे तळाशी बसलेल्या माशावरचा दाब सहा तासांत चारशे हेक्टोपास्कलने बदलतो, आणि हे दिवसातून दोनदा घडते. त्यापुढे हवामान खात्याच्या नकाशावरचे चार-सहा हेक्टोपास्कल त्याला कसे जाणवावेत? माशाची वायुपिशवी हा बदल टिपते असेही संदेशात म्हटले आहे. पण मुशीला (शार्कला) आणि पाकटाला (चपट्या रे माशाला) वायुपिशवीच नसते, तेव्हा निदान त्यांना तरी या नियमातून वगळायला हवे होते.

वारा, ढगाळ उजेड, गढूळ पाणी, लाटांनी खडकावरून सुटलेले किडे आणि कोळंब्या यांमुळे मासा कधी जास्त हालतो, हे मी नाकारत नाही. हवा पालटताना चांगली मासळी लागल्याच्या आठवणी लोक सांगतात, त्या सगळ्या खोट्या नसतील. पण त्याचे श्रेय दाबाला देऊन "दाब उतरताना निघा" असे सांगणे म्हणजे माणसाला नेमक्या धोक्याच्या वेळी पाण्यावर पाठवणे आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आले तेव्हा कोकणातले कितीतरी मच्छीमार परतले नाहीत. ते हौसेने गेलेले नव्हते, समुद्र ओळखणारे होते, आणि तरीही सापडले. कातळावर बसणाऱ्याचा धोका वेगळा आहे. कमी दाबाचे क्षेत्र शेकडो किलोमीटर दूर असते, किनाऱ्यावर ऊन असते, वारा पडलेला असतो, आणि तरीही तिथून निघालेली लांब पल्ल्याची लाट आधीच येऊन पोहोचते. अशी लाट दहा-पंधरा मिनिटे काहीच दाखवत नाही आणि मग एकदम कातळ धुऊन नेते. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था, जिला सगळे इन्कॉइस म्हणतात, उंच लाटांचे इशारे प्रसिद्ध करते. कमी दाबाची बातमी ऐकून एखाद्याला काही बघायचेच असेल, तर त्याने तो इशारा बघावा.

माशाच्या अंगातले पाणी चंद्र ओढतो, या दाव्याला फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. भरती येते ती पृथ्वीची चंद्राकडची बाजू आणि पलीकडची बाजू यांच्यावरील ओढीत फरक पडतो म्हणून, आणि तो फरक जाणवायला हजारो किलोमीटरांचे अंतर लागते. वीतभर माशाच्या डोक्यावरची आणि शेपटीवरची ओढ सारखीच असते. उजनीत किंवा खडकवासल्यात भरती आल्याचे कोणी पाहिलेले नाही. जे चंद्राला एवढ्या मोठ्या जलाशयात जमत नाही, ते त्यातल्या कटल्याच्या पोटात कसे जमेल?

वेळापत्रकाबाबत मात्र मला एक गोष्ट मान्य करावी लागते, नाइलाजाने का होईना. त्यातला 'शास्त्रज्ञ' म्हणजे जॉन ऑल्डन नाइट. तो मत्स्यशास्त्रज्ञ नव्हता. गळाने मासे धरण्याचा षोक असलेला लेखक होता आणि १९२६ मध्ये जुन्या समजुती गोळा करताना त्याने सूर्य, चंद्र आणि भरती एवढ्यांवर भर देऊन आपल्या कोष्टकाचा सिद्धांत मांडला. चंद्र माथ्यावर असताना मासा लागतो, हे त्यातले मुख्य सूत्र. आता गंमत अशी की मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर चंद्र माथ्यावर येण्याची वेळ आणि भरतीची वेळ जवळजवळ जुळतात. आमच्याकडे जुनी माणसे तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. भरती भरत आली की कातळाच्या खाचांत पाणी शिरते, त्यामागे लहान मासळी येते आणि तिच्यामागे तांबोशी येते. म्हणून कोष्टक इथे खरे वाटते, पण काम करते ती भरती. तेच कोष्टक घेऊन भावनगरला गेलात तर खंबातच्या आखातात भरती काही तास उशिराने पोहोचते, आणि कोचीला गेलात तर पाण्याची चढउतार जेमतेम एक मीटर असते. भारतभर एकच वेळापत्रक चालेल असे म्हणणाऱ्याने एकदा तरी दोन बंदरांची भरती-कोष्टके शेजारी ठेवून पाहावीत.

डोलीच्या जाळ्यावर जगणाऱ्या कोळ्यांना चंद्राचे महत्त्व कोणी शिकवण्याची गरज नाही. सातपाटी, अर्नाळा, उत्तन इथली डोल समुद्रात बांधून ठेवलेली असते. तिचे तोंड ओढीच्या पाण्याने उघडे राहते आणि बोंबील, जवळा, मांदेली त्या ओढीबरोबर आत येतात. उधाणाला ओढ जोरात असते म्हणून डोल भरते, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, पाणी मंद असते म्हणून भरत नाही. उधाणाचा सर्वांत मोठा जोरही पौर्णिमेच्या दिवशी नसून एक-दोन दिवसांनी, दुज-तिजेला असतो. तेव्हा "पौर्णिमेला जाळे टाकणे व्यर्थ" हे वाक्य डोलवाल्यापुढे वाचून दाखवायचीही मला लाज वाटेल. बांगडा-तारली घेरून धरणाऱ्यांसाठी मात्र त्यात अर्धे सत्य आहे, कारण काळोख्या रात्री थवा हलला की पाणी चमकते आणि तो लांबून दिसतो. चांदण्यात ती चमक दिसत नाही. म्हणजे चांदण्याने मासा कमी होत नाही, तो शोधणे अवघड होते. एका जाळ्याचा अनुभव उचलून सगळ्या मासेमारीचा नियम करणे, ही या संदेशाची मूळ खोड आहे.

पहिल्या पावसातले वलगणीचे मासे खरे आहेत. ओढ्याला पाणी आले की ते प्रवाहाविरुद्ध चढतात. पण ते अंडी घालायला चढतात, आणि गाभोळीने भरलेली मादी पोत्याने धरून आणली तर पुढच्या वर्षी त्या ओढ्यात काय उरणार, हे संदेशाने सांगायला हवे होते.

मासा कुठे सापडेल याचा अंदाज हवाच असेल, तर इन्कॉइस मच्छीमारांसाठी संभाव्य मत्स्यक्षेत्राची सूचना देते. उपग्रहाने मोजलेले समुद्रपृष्ठाचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य यांवरून थंड-उष्ण पाण्याच्या सीमा आणि प्लवकांची (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची) दाटी शोधतात, आणि बंदरापासूनची दिशा, अंतर आणि खोली कळवतात. त्या सूचनेत चंद्राच्या कलेचा रकाना नाही, हवेच्या दाबाचाही नाही.

भाच्याला मी एवढेच कळवले की शनिवारी षष्ठी आहे, म्हणजे भरती साडेचारच्या सुमारास. दुपारी दीडनंतर कातळाच्या मागची घळ भरू लागते आणि परतीची वाट पाण्याखाली जाते, तेव्हा बसायचे असेल तर सकाळी बसावे आणि जेवायच्या वेळेला घरी असावे. आणि त्या दिवशी उंच लाटांचा इशारा असला तर गरी पुण्यालाच ठेवावी.