मांडीवरचं बाळ आणि कव्हरखालचं बकल

गणपतीला गावी निघायच्या आदल्या रात्री तो मेसेज घरच्या ग्रुपवर पुन्हा आला, या वेळी काकांकडून. ‘सीटबेल्टची सक्ती म्हणजे पावत्या फाडायचा धंदा. मागे बसणाऱ्याला पट्ट्याची गरज नाही, आणि एअरबॅग आहेच. गाडी पेटली तर पट्टाच जीव घेतो. लहान मुलाला आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही.’ खाली भराभर अंगठे उमटले. काका, रागावू नका, पण यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी मागची सीट. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढच्या दोघांनी पट्टे लावले होते. जबर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी लावले नव्हते, दोघेही गेले. गाडी साधीसुधी नव्हती, मर्सिडीज होती. शिवाय मागचा माणूस मोकळा असेल तर तो पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो. म्हणजे तुम्ही पट्टा लावला नाहीत, तर धोका पुढे बसलेल्या काकूंनाही आहे.

एअरबॅग पट्ट्याच्या जोडीला असते, बदल्यात नाही. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. पट्टा नसेल तर तोवर माणूस पुढे फेकला गेलेला असतो आणि फुगणाऱ्या पिशवीचा तडाखा थेट तोंडावर बसतो.

आता मांडी. हे वाक्य सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक. बाळ १० किलोचं, गाडी ताशी ५० किलोमीटरवर, आणि धडकून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर आईच्या हातांवर जवळजवळ १४० किलोचा ओढा येतो. पोटच्या पोराला कोणती आई सोडेल? पण इथे प्रश्न मायेचा नाही, मनगटाचा आहे. दोघांना मिळून एकच पट्टा लावणं तर आणखी वाईट, कारण आईचं सगळं वजन बाळाला पट्ट्यावर चिरडतं.

तान्ह्याला मागच्या सीटवर, गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसवायची चाइल्ड सीट लागते. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर ती कधीच लावायची नाही. मोठ्या मुलाला उंची साधारण पावणेपाच फूट होईपर्यंत बूस्टर, म्हणजे पट्टा नीट बसावा म्हणून उंच बसवणारं आसन, हवा. आमच्या भाच्याचं बघा ना. सात वर्षांचा आहे. पट्टा गळ्याला घासतो म्हणून तो काखेतून घेतो, आणि आम्ही ‘लावलाय ना, बास’ म्हणतो. असा पट्टा धडकेत बरगड्यांवर आणि मऊ पोटावर बसतो. वरचा पट्टा खांद्याच्या हाडावरून आणि खालचा मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर हवा. गरोदर बाईनेही पट्टा लावायचाच, फक्त खालचा भाग पोटाच्या खालून घ्यायचा.

गाडी पेटण्याची भीती खरी असली, तरी पेटलेल्या गाडीतून बाहेर पडायला आधी शुद्धीवर राहावं लागतं, आणि शुद्ध राहण्याची शक्यता पट्टा वाढवतो. बकलचं लाल बटण दाबलं की पट्टा सुटतो.

राहिला पावत्यांचा धंदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ बी चा दंड १,००० रुपये आहे. त्याच कलमात १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट लावणंही सक्तीचं आहे. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२१ मध्ये पट्टा न लावलेले १६,३९७ लोक रस्त्यावर मेले. त्यांतले ७,९५९ चालक नव्हते, नुसते बसलेले होते. आणि काका, पट्टा न लावल्यावर वाजणारी ती पीं-पीं बंद करायला तुम्ही खोबणीत खोचलेली नुसती क्लिप! असल्या क्लिपा ऑनलाइन दुकानांतून हटवायला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच कंपन्यांना फर्मावलं.

पहाटे चारला निघायचंय. तुमच्या गाडीत मागची बकलं सीट कव्हरखाली दबली आहेत. मधलं तर मी गेल्या दिवाळीतही शोधत होतो. आज रात्रीच कव्हर उचलून तिन्ही बाहेर काढून ठेवा. बूस्टर मी आणतो.