शिष्यवृत्तीचा फॉर्म कोणाचा भरायचा?

शिष्यवृत्ती परीक्षेचे फॉर्म आले की कितीतरी शाळांत गाळणी लागते. "हिचा भरू, त्याचा नको, निकाल खाली येईल." मग जादा तास, सराव संच, बुद्धिमत्ता चाचणीची मजेदार कोडी, सगळं त्या आठ-दहा पोरांना. बाकीची तेवढ्या वेळात झाडांना पाणी घालतात. आपण कुठल्या गटात आहोत हे दहा वर्षांच्या पोराला कोणी सांगावं लागत नाही.

मी स्वतः शिक्षक आहे, तेव्हा हे घरचंच गाऱ्हाणं. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमापासून 'प्रत्येक मूल शिकू शकतं' हे ऐकतोय, भाषणांत म्हणतोयही. वर्गात मात्र पहिल्या बाकाला विचारतो, "का?" आणि शेवटच्या बाकाला, "सात नव्वे किती?" तेही चटकन आलं नाही की, "बस खाली." अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात हे चक्क मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते, आणि कच्च्या समजलेल्या मुलांसाठी हुशार मुलांपेक्षाही कमी.

मध्यंतरी सगळ्या वर्गाला एकच प्रश्न दिला: दोन तृतीयांश मोठा की तीन चतुर्थांश? पुढच्यांनी छेद समान करून उत्तर काढलं. बरोबर होतं. मागचा एकजण, अजून अडखळत वाचणारा, कागदाच्या पट्ट्या दुमडत बसला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "सर, दोन्हींत एकेकच तुकडा कमी हाय. पण पाव बारका असतो ना, म्हणून तीन पाव जास्त भरलंय." इतकं स्वच्छ कारण पुढच्या बाकांवरून आलं नव्हतं.

त्याला वाचनाची मदत रोज लागणारच. ती न देता नुसतं "कर" म्हणणं हा छळ आहे. पण वाचन सुधारेपर्यंत त्याला 'का' विचारायचंच नाही, हे कुठलं शास्त्र?

द्विशिक्षकी शाळा, एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग, वर ऑनलाइन माहितीचा रतीब, हे सगळं खरं आहे. मीही त्यावर रोज कुरकुरतो. तरी फॉर्म कोणाचा भरायचा हे त्यातलं काहीच ठरवत नाही. ते ठरवते निकालाची टक्केवारी. पटावर किती आणि परीक्षेला बसले किती, हे आधी विचारा ना!

यंदा माझ्या अख्ख्या वर्गाचे फॉर्म जाणार आहेत. टक्केवारी घसरेल, हे मुख्याध्यापकांच्या कानावर घातलंय. "आमच्याला कशाला उगाच?" म्हणणाऱ्या पालकांकडे पुढच्या आठवड्यात जातोय.