सातवीचं मराठी तुमच्याकडे आलंय ना?

मग आधी एक पथ्य पाळा. कविता वर्गात मोठ्यानं वाचू नका. पोरं डोलायला लागतात, मागच्या बाकावरून कोणीतरी 'सर, परत एकदा' म्हणतं आणि पोर्शन मागे पडतो. पुस्तक बालभारतीचं असलं तरी टेबलावर गाईड हवंच. त्यातून शब्दार्थ फळ्यावर उतरवा, मग चौकटी पूर्ण करून घ्या. कवीला जे काही वाटलं, ते चौकटीत मावेल इतकंच वाटलं होतं, यावर श्रद्धा ठेवा.

निबंधाला मात्र जपायचं. 'पावसाळ्यातील एक दिवस' दिलात की मजकूरही तुम्हीच सांगून टाका. धरणीमातेने हिरवा शालू नेसला, मोर थुईथुई नाचू लागले, बळीराजा सुखावला. पोरं एमआयडीसीमागच्या वस्तीतली का असेनात, मोर नाचलाच पाहिजे. आत्मवृत्ताचं सोपं आहे: छत्री असो, फळा असो, तिनं किंवा त्यानं शेवटी रडायचं.

एवढं करूनही एखादं कार्टं लिहितंच: 'रात्री पत्रा गळायला लागला. पप्पा वर चढले आणि साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स अंथरला. आता साहेब भिजतात, आम्ही नाही. आजी म्हणाली, पहिल्यांदाच कामाला आले.'

हसू आलं तर तोंडाला रुमाल लावा. स्टाफरूममध्ये वाचून दाखवा हवं तर, तिथं बाई वही परत मागून घेतील. पण त्याच वहीत लाल पेनानं 'विषयांतर' लिहा, 'पप्पा' खोडून 'वडील' करा आणि पाचापैकी दोन द्या. मोरवाल्यांना चार. पुढच्या चाचणीला पत्र्यावर मोर आलेला असेल.

राहता राहिलं नोंदवहीचं. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी आपल्या गळ्यात पडल्या. त्यात डोकं घालू नका. शिक्षकांच्या ग्रुपवर तयार नोंदींची पीडीएफ फिरत असते, ती हजेरी क्रमांकाप्रमाणे उतरवत जा. 'स्वतःच्या शब्दांत विचार मांडतो' ही ओळ अख्ख्या वर्गाला चालते. मुलींच्या पुढे तेवढं 'मांडते' करायला विसरू नका, साहेब लोक तपासणीला आले की नेमकं तेच बघतात.